रिकाम्या वाफ्यांना पाणी

गेल्या भादव्यात मी बी न पेरलेल्या सात वाफ्यांना पाऊण तास पाणी दिलं, आणि ते पाणी माझं नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी वस्तीने मला वर्षभर पुरवून पुरवून हसून घेतलं असतं. पण मी थांबलो नाही.

माळेगावला राहून मी चौतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या ऑफिसात लोकांच्या उसाच्या नोंदी लिहिल्या. कुणाची लागण कधीची, जात कोणती, तोड कधी येणार, हे सगळं माझ्या वहीत. तोडीची तारीख वहीत असल्यामुळे भलेभले बागायतदार माझ्याशी अदबीने बोलायचे. त्या अदबीचा मी असा अर्थ घेतला की मला शेती कळते. निवृत्त झालो आणि शेळगावच्या शिवारातल्या आमच्या वस्तीवर परत आलो, तेव्हा हा समज मी बाडबिस्तऱ्यासोबत घेऊन आलो. बायको पुण्याला मुलाकडे, नातवापाशी. त्यामुळे समज खोडून काढायला घरात कुणी नव्हतं.

त्या साली पावसाने ओढ दिली. श्रावण कोरडा गेला, भादव्यात तर आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. भादव्याचं ऊन कसं असतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. चैत्रातल्या उन्हाची माणसाने तयारी केलेली असते. हे ऊन पाठीत बसतं. गवत बांधावर उभ्या उभ्या पिवळं पडलं. कॅनॉलला पाणी कधी सुटेल यावर रोज पारावर नवीन बातमी, आणि रोज ती खोटी. अशा दिवसांत शहाणा माणूस गप्प बसतो. मी परसबागेची आखणी करायला बसलो.

पाऊस नाही म्हणून काय झालं, नवरात्रापर्यंत येईल, तोवर नियोजन तयार पाहिजे, हा माझा विचार. घरामागचे तीन गुंठे. आलेखाचा कागद आणला. नातवाचे खडू राहिले होते, ते घेतले. मेथीला पोपटी, पालकाला गडद हिरवा, गाजराला नारिंगी, मुळ्याला रंग नाही म्हणून पांढरा सोडला. वाटाणा कडेला, त्याची सावली कुणावर पडू नये म्हणून. सूर्य दक्षिणेकडे सरकतो त्याचा बाण. पाणी कुठून शिरेल, कुठून वळेल, त्याचे निळे बाण. चार दिवस मी त्या कागदावर घालवले. कारखान्यात असतो तर एवढ्या सुबक कागदावर साहेबाने सही केली असती.

आमची विहीर सामाईक. माझी आणि थोरल्या चुलतभावाची. भाऊ बारामतीला एमआयडीसीत वॉचमन, आठवड्यातून एकदा घरी. त्यामुळे विहीर म्हणजे मी आणि वहिनी. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांची पाळी. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझी. रविवारी मोटार बंद. विहिरीचा पाझर बारीक झालेला. रात्रभर जे साचेल ते सकाळी मोटार चालू केल्यावर पाऊण तास चालायचं, मग पाणी तुटायचं आणि मोटार हवा ओढायला लागायची. साचलेलं पाणी ज्याची पाळी त्याचं. हा नियम आमच्या आजोबांनी घातला, आणि त्यावरून भांडण झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. भांडणाचं कारण म्हणून मी अजून यायचा होतो.

त्या मंगळवारी वहिनी ओट्याशी आल्या. पिंपळीला लेकीकडे निघाल्या होत्या. लेकीला सातवा महिना, दवाखान्यात सोबत न्यायचं होतं.

"भाऊजी, उद्या मी न्हाय. परवा येती. माझ्या रोपांना तेवढं पाणी मारा. झारी तितंच ठेवलीय."

"मारतो की."

"सकाळी, दुपारी आन् सांजचं. दुपारचं चुकवू नका. ट्रेमधलं रोप हाय, जमिनीतलं न्हाय. ऊन हाय का आग हाय ते बघताय न्हवं?"

"वहिनी, मी चौतीस वर्षं..."

"ते ऱ्हाऊ द्या. आन् माझ्या पाळीचं पाणी हिरीतच ऱ्हाऊ द्या. बेस्तरवारी मी घेईन, तुमी शुक्रवारी घ्या. अदलाबदल."

मी मान हलवली. एवढा स्पष्ट करार मी नोकरीतही पाहिला नव्हता.

ही रोपं काय होती ते सांगायला हवं. वस्तीवरच्या पाच घरांतल्या बायका दर वर्षी आपापलं बी वहिनींकडे आणून देतात. वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी. वहिनी जुन्या साड्या चार मेढींवर ताणून सावली करतात आणि त्याखाली ट्रेमध्ये रोपं वाढवतात. कुणाचा ट्रे कुठला ते त्यांना पाठ असतं. पाऊस येवो न येवो, रोपं तयार असली की उरलेल्या ओलीवर प्रत्येकीच्या दारात पाच-पन्नास झाडं उभी राहतात. या कामाचे वहिनी पैसे घेत नाहीत. त्या बदल्यात बायका त्यांच्या कांद्याच्या लागणीला एक दिवस येतात. याला आम्ही सावड म्हणतो. वहिनींच्या अर्ध्या एकराची लागण या सावडीवरच होते. मजुरीने बाया लावणं त्यांना झेपत नाही, आणि लागणीच्या दिवसांत बाया मिळतही नाहीत. म्हणजे त्या साड्यांखाली नुसती रोपं नव्हती, वहिनींचा कांदा होता.

मला हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर हा लेख बराच सोपा झाला असता.

माझा नकाशा मंगळवारी संध्याकाळी पूर्ण झाला. पाळीही माझी मंगळवारचीच. पण ते पाणी सकाळीच संपलं होतं, तेव्हा निळे बाण काढायचे बाकी होते. बुधवारी उठलो, झारीने वहिनींच्या रोपांना पाणी मारलं. इथवर माझा इतिहास स्वच्छ आहे. मग घरामागे आलो. सात वाफे तयार होते, दांड काढलेला होता. वाटलं, आपण आखलेलं पाणी खरंच तसं फिरतं का बघू. पाच मिनिटं. पाच मिनिटांनी विहीर काही आटत नाही.

मोटार सुरू केली.

पाणी दांडातून आलं आणि पहिल्या वाफ्यात शिरलं. दुसऱ्याकडे वळलं. मी कागद हातात धरून शेजारून चालत होतो, लग्नाच्या वरातीपुढे चालावं तसा. तिसऱ्यापाशी ते अडलं. मी फावड्याने वाट केली. चौथ्यात गेलं, पण उलट्या अंगाने. ते बरोबर करायला पाच मिनिटं, मग पाचवा राहिला म्हणून पाच मिनिटं. सातव्या वाफ्याच्या टोकाला पाणी पोचलं तेव्हा मला जो आनंद झाला तो पोरगा दहावीला पास झाला तेव्हाही झाला नव्हता. सात वाफे काठोकाठ चमकत होते. त्यात बी नव्हतं, रोप नव्हतं, काडीही नव्हती. तेवढ्यात मोटारीचा आवाज बदलला. ती हवा ओढत होती. वहिनींचं पाणी संपलं होतं.

आता खरी लाज इथून पुढे आहे. विहीर तुटली तरी रोपं वाचली असती. सहा ट्रेंना दोन झाऱ्या पाणी लागतं. माझ्या न्हाणीत दोनशे लिटरचं पिंप भरलेलं होतं. पण मी आनंदात होतो. आनंदात मी भाकरी खाल्ली, पिठलं जास्त झालं म्हणून तेही संपवलं, आणि कागद छातीवर ठेवून आडवा झालो. उठलो तेव्हा पाच वाजले होते.

साड्या उचलल्या. रोपं झोपली होती. एकेक बोटाएवढं रोप मान टाकून शेजारच्यावर कललेलं, पानं चहाच्या पावडरीसारखी चुरमडलेली. बोटाने एकाला उभं केलं. ते परत पडलं. मी दुसऱ्याला उभं केलं. असं किती वेळ करत होतो कुणास ठाऊक. हे करताना आजूबाजूला कुणी नाही ना ते मी दोनदा पाहिलं.

मग मी पिंपातलं पाणी आणलं आणि सगळ्या ट्रेंना नीट, हळू, चौफेर मारलं. मेलेल्या रोपांना. सकाळी वहिनी आल्या की ट्रे ओले दिसावेत म्हणून. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात काळजीपूर्वक दिलेलं पाणी ते.

गुरुवारी सकाळी वहिनी आल्या त्या पिशवी खांद्याला तशीच ठेवून साड्यांकडे गेल्या. मी मागे. त्यांनी एका ट्रेमध्ये बोट घातलं.

"वलं हाय की."

"हो. म्हणजे, पाणी दिलं होतं."

"तिन्ही टायमाला?"

"व्हय," मी म्हणालो. चौतीस वर्षांत न आलेला गावाकडचा 'व्हय' नेमका तेव्हा आला.

त्या खाली बसल्या. एक रोप उपटून मुळाशी पाहिलं. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं. ट्रे धुतलं न्हाईत नीट औंदा. लेकीच्या नादात घाईघाईत भरलं. मर लागली."

यावर मी काय केलं? मी म्हणालो, "मर रोग फार वाईट. बुरशी असते ती. आमच्या कारखान्यात एकदा तज्ज्ञ आले होते..." आणि पाच मिनिटं त्यांना मर रोगाची माहिती दिली. त्या ऐकत होत्या. मान हलवत होत्या. स्वतःचा गुन्हा त्या माझ्याकडून समजावून घेत होत्या.

त्या संध्याकाळी वस्तीच्या बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, ग्रंथवाचन होतं. आवाज मोठा म्हणून वाचायला मीच असतो. आधी वंदना, मग पंचशील. मी एकेक शील म्हणायचं आणि सगळ्यांनी माझ्यामागे. बायका समोरच बसल्या होत्या, पाचही घरच्या. वाचन सुरू होण्याआधी वहिनींनी त्यांना सांगितलं, "बायांनो, रोपं गेली. माझ्या हातनं झालं. कुणी काय बोलायचं ते मला बोला." वयाने सगळ्यांत मोठ्या मावशी, त्यांची बुटकी तिखट मिरची वस्तीवर दुसऱ्या कुणाकडे नाही, त्या एवढंच म्हणाल्या, "आसू दे. व्हतंय." पण पदराशी चाळा करत बसल्या.

मी हात जोडले. पहिलं शील ठीक गेलं. दुसरं, दिलेलं नाही ते घेणार नाही. तिथे माझा आवाज बारीक झाला. तिसऱ्याला सावरला. चौथं, खोटं बोलणार नाही. तिथे मला असा ठसका लागला की सगळे थांबले. मागून कुणीतरी तांब्या पुढे केला.

"पाणी घ्या, भाऊजी."

वहिनीच होत्या. मी ते पाणी प्यालो. काय करणार, घसा खरंच कोरडा पडला होता.

त्या क्षणी सांगायला हवं होतं, आणि मी ग्रंथ उघडून वाचायला लागलो. पंधरा माणसं, पाच बायका, शेजारी बुद्धाची मूर्ती, आणि मी स्पष्ट उच्चारात वाचतोय. त्या दिवशी वाचन फार छान झालं असं दोघांनी मला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी बांधापलीकडून आबांनी हाक मारली. आबा म्हणजे आमचे शेजारी. त्यांच्या बापजाद्यांची मेंढरं होती, आता आठ शेळ्या, दोन म्हशी आणि ऊस. ऐंशीच्या पुढचं वय. डोळ्यांना कमी दिसतं असं ते म्हणतात.

"काय रं, रोपं गेली म्हणं वयनीची."

"हो आबा. मर रोग."

"बुधवारी दुपारी पानी मारलंवतंस का?"

"मारणार होतो. पण लाईट नव्हती दुपारी." का म्हणालो, देव जाणे. झारीला लाईट लागत नाही.

"लाईट न्हवती? मंग माझं कुट्टीचं मशीन काय शेळ्यांनी फिरवलं?"

मी खाली बघायला लागलो. खाली बघून उपयोग नव्हता. आजूबाजूचं सगळं शिवार भाजलेल्या पापडाच्या रंगाचं, आणि त्यात माझे सात वाफे अजून काळेभोर ओले. गुरुवारी त्यांच्यावर मी उसाचं पाचट पसरलं होतं, आच्छादन म्हणून. पण पाचट कमी पडलं आणि तीन वाफे उघडेच राहिले.

"काय पेरलंय तितं?"

"काही नाही."

"आन् पानी?"

"उतार बघत होतो."

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "उतार बघाया तांब्याभर पानी पुरतंय. वत आन् बघ कुठं पळतंय ते." थोडं थांबून म्हणाले, "तिला तू सांगतूस का मी सांगू?"

मीच गेलो. जाताना वाक्यं जुळवली होती. त्यात 'परिस्थिती' हा शब्द दोनदा येत होता. वहिनी धान्य पाखडत होत्या. मी सगळी वाक्यं सोडून दिली आणि सांगितलं: मोटार मी चालवली, दुपारी झोपलो, संध्याकाळी मेलेल्या रोपांना पाणी मारलं. शेवटचं सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

सूप थांबलं.

"म्हंजे मर न्हवती."

"नाही."

"दोन दीस म्या ट्रे घासत्येय, भाऊजी. चुन्याच्या पाण्यानं. हात बघा." त्यांनी हात पुढे केले नाहीत. परत पाखडायला लागल्या. "आता बायांस्नी मी काय सांगू?"

"मी सांगतो. आणि बारामतीहून नर्सरीची रोपं आणून देतो. आजच."

"नर्सरीत मावशीची मिरची मिळती व्हय?"

मिळत नाही. म्हणून मी पाच घरी परत बी मागायला गेलो, हातात पाच कागदी पुड्या घेऊन. पहिल्या घरी सगळं मलाच सांगावं लागलं, तिसऱ्या घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती, दारातल्या बाईने मी तोंड उघडायच्या आधी विचारलं, "काय भाऊजी, रिकाम्या वाफ्यात काय उगवलं का न्हाय?" घोळ आणि लव्हाळा असलं तण उगवलं होतं, पण मी सांगितलं नाही. चार घरांतून बी मिळालं. पाचव्या घरी मावशी गाडग्यात हात घालून, तळ चाचपून, हात बाहेर काढून म्हणाल्या, "व्हतं तेवढं दिलं हुतं, बाबा." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी पटकन घरी आलो असतो. तसं नसल्यामुळे मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिलो आणि त्यांनी मला चहा केला.

बी पुन्हा भरलं. पाण्याची जबाबदारी मी मागून घेतली. वहिनींनी ती दिली, पण दिवसातून तीनदा बोट घालून बघून जायच्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी पिंपातून झारी भरायचो. दुपारी झोप येऊ नये म्हणून जेवण पुढे ढकलायचो. रोपं आली. छान आली. फक्त तीन आठवडे उशिरा.

आणि कांदा तीन आठवडे थांबत नाही. कांद्याचं तरू, म्हणजे वहिनींनी वाफ्यात वाढवलेलं लागणीचं रोप, जून व्हायला लागलं, कॅनॉलला अखेर पाणी सुटलं, लागण धरावीच लागली. बायांच्या हातात मात्र अजून त्यांच्या भाजीचं रोप नव्हतं. सावडीत कुणी कुणाला दोष देत नाही. ज्याचं पोचलं त्याचं फेडायचं, पोचलं नाही तर बोलायचं काय? दोघी दुसरीकडे मजुरीला गेल्या. कुणी नावं ठेवली नाहीत, वहिनींनीही नाही. उरलेल्या तिघी आल्या. त्यांत मावशी होत्या. त्यांना तर काहीच मिळालं नव्हतं.

दोघींच्या जागी मी जाऊन उभा राहिलो. पँट गुडघ्यापर्यंत वर, डोक्याला टॉवेल, डाव्या हातात तरवाची जुडी. वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखल मऊ. बायका वाकल्या आणि बघता बघता पुढे गेल्या. बोटाने एक खुपसायचं, टीचभर पुढे दुसरं. त्यांच्या गप्पा चालू, हात चालू. मी एकेक रोप असं लावत होतो की ते पुन्हा कधी पडू नये. अंगठ्याने आत दाबायचो, वर चिखल, मग थोपटायचो. वहिनी वाफ्याच्या कडेने तरू वाटत होत्या. मी त्यांच्याकडे बघून एकदोनदा हसलो. त्या दुसरीकडे बघत होत्या.

दुपारी सगळ्या बांधावर बसल्या. मी डबा आणला नव्हता, कारण कामाच्या उत्साहात विसरलो. मावशींनी त्यांच्यातली अर्धी भाकरी, ठेचा आणि कांदा माझ्या हातावर ठेवला. बोलता बोलता मी त्यांची उरलेली अर्धीही खाल्ली, हे नंतर कळलं.

जेवून वहिनी उठल्या आणि मी लावलेल्या ओळींपाशी गेल्या. सकाळपासून अडीच ओळी झाल्या होत्या. बाजूच्या तिघींचे वाफे संपत आले होते. वहिनींनी वाकून एक रोप उपसलं. ते लवकर निघेना. निघालं तेव्हा पांढरा देठ चार बोटं चिखलात होता. दुसरं उपसलं. तेही तसंच.

मी जवळ गेलो. "घट्ट लावलंय," मी म्हणालो. "पडायचं नाही."

"एवढं खोल गाडल्यावर कांदा धरतोय व्हय, भाऊजी?" त्यांनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. बाकीच्या दोघी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. "दोन बायांच्या जागंला आलात, मावशीची भाकर खाल्लीत, आन् ह्या वळी आता मलाच उपसून लावायच्या हायती. उद्या घरीच ऱ्हावा, तेवढीच मला मदत."